मुलांच्या हातचा बैल

श्रावण सरत आला म्हणजे जळगाव व धुळे येथील बाजारांत मातीच्या बैलजोड्या मांडल्या जातात. ज्यांच्या दारी बैल आहेत ते पोळ्यास त्यांची शिंगे रंगवितात व पाठीवर झूल चढवितात. ज्यांच्या दारी नाहीत ते मातीची जोडी पाटावर मांडून पुजतात. खानदेश हा कापसाचा आणि केळीचा मुलूख, पिढ्यान्पिढ्या बैलाच्या खांद्यावर जगलेला. म्हणून शेत सोडून शहरात बिऱ्हाड केलेल्या घरांतूनही हा सण सुटलेला नाही, ही संतोषाची गोष्ट होय. परंतु या सणाच्या दिवशी कित्येक घरी एक लहानशी घटना घडते, तिकडे आम्ही पालकांचे लक्ष वेधू इच्छितो. घरातील मुलाने चार दिवस खपून एक बैल केलेला असतो. त्याचे एक शिंग मोडलेले, वशिंड थोडे मागे सरकलेले आणि एक पाय आखूड असतो. वडील बाजारातून रंगीत जोडी घेऊन येतात. पाटावर ती जोडी बसते आणि मुलाचा बैल खिडकीत जातो. त्यास कोणी रागे भरत नाही, उलट "छान झाला हो!" असेही सर्वजण म्हणतात. तथापि मुलाने जे समजावयाचे ते समजते.

ते असे समजते की, हाताने केलेली वस्तू कौतुकापुरती असते. घराच्या खऱ्या कामास मात्र विकतचीच वस्तू हवी. आमच्या मते मुलांच्या हातकामाविषयी आज जी उदासीनता दिसते तिचे मूळ येथे आहे. वेळ नाही, साहित्य नाही, जागा नाही, ही कारणे सांगितली जातात खरी. पण ती मागाहूनची होत. म्हणून आमचे म्हणणे आरंभीच स्पष्ट करतो. मुलांनी आपल्या घरी, भावंडांसह व मित्रमैत्रिणींसह, साध्यासुध्या वस्तू स्वहस्ते कराव्यात. आणि घराने त्या वस्तू खरोखरीच्या उपयोगास लावाव्यात. यांतील दुसरी गोष्ट पहिलीहूनही अधिक महत्त्वाची आहे.

या बाबतीत शाळाही सर्वस्वी निर्दोष नाहीत. "उद्या प्रकल्प आणा" असे फर्मान सुटले की रात्री वडील पुठ्ठा कापतात, आई तो चिकटविते आणि मूल पेंगत बसते. कित्येकदा तेवढेही होत नाही. दुकानातून तयार घर, तयार पवनचक्की, तयार ज्वालामुखी येतो व त्यास उत्तम गुण मिळतात. ज्याने स्वतः केले त्याचे काम ओबडधोबड दिसते म्हणून ते मागे पडते. अशा प्रकल्पातून मूल एकच विद्या शिकते, ती म्हणजे दुसऱ्याचे काम आपल्या नावावर खपविण्याची. यापेक्षा प्रकल्प नसलेला बरा.

हातांच्या द्वारे शिक्षण व्हावे हा विचार काही नवा नव्हे. जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल याने १८४० साली आपल्या बालशाळेस 'किंडरगार्टन', म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. कागदाच्या घड्या घालणे, कागदी पट्ट्यांची वीण करणे, माती मळून आकार देणे, ही कामे त्याने लहान मुलांच्या शिक्षणाचाच भाग मानली. आपल्या देशात ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे जी शिक्षणपरिषद भरली तीत महात्मा गांधींनी शिक्षणाच्या मध्यभागी एखादा उद्योग असावा असा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तरावाचून स्थानिक कारागिरांच्या सान्निध्यात काढावेत असे सुचविले आहे. तत्त्व सर्वांस मान्य आहे. परंतु वर्षाचे दहा दिवस शाळेने दिले तरी उरलेले दिवस घराच्याच हाती असतात.

आमच्या खानदेशास तर यासाठी दूरचे धडे गिरविण्याची आवश्यकता नाही. डिसेंबर १९३६ मध्ये त्या वेळच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातील फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. त्याच्या सजावटीसाठी शांतिनिकेतनाहून सुप्रसिद्ध चित्रकार नंदलाल बोस यांस पाचारण करण्यात आले होते. शहरातून किंमती सामान आणून डामडौल करावयाचा नाही, खेड्यातील साहित्य व खेड्यातील कारागीर यांवरच भागवावयाचे, अशी गांधीजींची इच्छा होती. आणि बांबूसारख्या साध्या वस्तूंतून नंदबाबूंनी ते नगर शोभिवंत करून दाखविले. ज्या जिल्ह्यात एवढे मोठे कार्य हाताशी असलेल्या वस्तूंनी साजरे झाले, तेथील घरात एक आकाशकंदील हाताने होऊ नये काय?

दुसरे उदाहरण चाळीसगावचे. तेथील कलावंत केकी मूस (१९१२–१९८९) यांनी परदेशी शिक्षण घेऊन परत आल्यावर चाळीसगावीच वास्तव्य केले, आणि जवळजवळ पन्नास वर्षे घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला. तथापि त्यांची छायाचित्रे देशोदेशी नावाजली गेली. घरातील किरकोळ वस्तू मेजावर मांडून व त्यांवर युक्तीने प्रकाश पाडून ते असे देखावे उभे करीत की, पाहणाऱ्यास ते खरे निसर्गदृश्यच वाटावे. त्यांचे घर आज कलादालन म्हणून जपलेले आहे. पालकांनी मुलांस घेऊन तेथे अवश्य जावे. साहित्य थोडे असले म्हणजे कल्पना खुंटते, ही समजूत तेथे सहज दूर होईल.

आणि जळगावाजवळच्या असोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस कोण विसरेल? त्यांस लिहितावाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे हात कामात असता त्यांचे काव्य जन्मले. सुगरण पक्ष्याच्या विणकामाचे त्यांनी जे कौतुक केले ते आपण सर्वांनी वाचलेच आहे. त्यांच्या निधनानंतर १९५२ साली त्यांच्या कविता पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. हात कामात असले म्हणजे बुद्धी निजलेली असते असे मानणाऱ्यांस हे एकच उत्तर पुरेसे आहे.

आता घरी काय करावे, हे आमच्या विद्यार्थिमित्रांस थोडे तपशिलाने सांगतो.

प्रथम मातीचे काम. आपल्याकडील काळ्या मातीचा बैल वाळला की त्याचे पाय तडकतात आणि मूल हिरमुसते. यात मुलाचा दोष नाही. या मातीतील अतिसूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात व वाळताना आकसतात. उन्हाळ्यात आपल्या शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्याचे कारण हेच. म्हणून नुसती काळी माती न घेता तीत गिरणेच्या किंवा पांझरेच्या काठचा पोयटा, थोडी बारीक वाळू आणि बारीक चिरलेले वाळके गवत मिसळावे. माती चांगली मळून एक रात्र ओल्या फडक्यात झाकून ठेवावी. पाय जाड व आखूड करावेत. शिंगे जोडताना दोन्ही बाजू काडीने खरवडून मधे पातळ चिखल लावावा, म्हणजे सांधा धरतो. बैल उन्हात न ठेवता सावलीत चारपाच दिवस हळूहळू वाळू द्यावा. सण संपल्यावर तो बादलीत विरघळवून ती माती तुळशीच्या कुंडीत घालता येते. पुढील वर्षी पुन्हा नवा बैल. एवढ्या कामात मुलास आपल्या जमिनीचे जे ज्ञान होते ते भूगोलाच्या पाठातील दोन ओळींनी होत नाही.

दुसरे काम कामट्यांच्या चांदणीचे. दिवाळीत तीच आकाशकंदील होते व नाताळात तीच घरावर चांदणी म्हणून चढते. कामट्या त्याच, खळही तीच. बुरुडाकडून सारख्या जाडीच्या कामट्या आणाव्यात. त्या तासण्याचे काम मोठ्या माणसाने करावे. चोवीस इंचांच्या दहा कामट्या व पाच इंचांचे पाच तुकडे पुरेत. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन चांदण्या दोऱ्याने बांधाव्यात. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोके जोडावीत. नंतर आतील पाच छेदांच्या ठिकाणी ते लहान तुकडे मधे उभे करावेत, म्हणजे चांदणीस पोट येते. मैद्याची खळ शिजवून पतंगी कागद चिकटवावा. आत मेणबत्ती न लावता लहानसा विजेचा दिवा सोडावा. जो विद्यार्थी हे करील त्यास आढळेल की प्रत्येक टोकाचा कोन छत्तीस अंशांचा आहे आणि पाचही मिळून बरोबर दोन काटकोन होतात. एक कामटी अर्धा इंच आखूड पडली तर सारी चांदणी कलते. वहीतील चूक पुष्कळदा नजरेआड होते; ही मात्र रस्त्यावरून जाणाऱ्यासही दिसते.

तिसरे काम वातीचे. ज्या जिल्ह्यांतून गाड्याच्या गाड्या कापूस जातो, त्याच जिल्ह्यांतील घरांत देवापुढची वात आता पाकिटातून निघते. कापसाचे एक बोंड आणून त्यातील सरकी मुलांस बोटांनी काढावयास सांगावी. कापूस हलक्या हाताने पिंजून, बोटांस किंचित दूध लावून लांब वात व फुलवात वळण्यास आजीने शिकवावे. सैल वळलेली वात भडकते, फार घट्ट वळलेली तेल ओढीत नाही; हा निकाल त्याच सायंकाळी लागतो. त्याचप्रमाणे जुन्या वह्यांचे कागद भिजवून त्यांचा लगदा करावा, त्यात भिजवून वाटलेल्या मेथ्या घालाव्यात आणि एखादे पातेले उपडे घालून त्यावर तो थापावा. वाळल्यावर हलकी व टिकाऊ टोपली होते. मेथ्यांच्या चिकटपणामुळे लगदा धरून राहतो, ही युक्ती आपल्या आज्यांस ठाऊक होती.

ही कामे एकट्याने न करता मंडळी जमवून करावीत असे आम्ही म्हणतो, त्यास विशेष कारण आहे. गोधडीस दोरे घालण्यासाठी चार बायका एकत्र बसत, तेव्हा गोधडी शिवली जाई आणि शेजारही टिके. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई बसवितात, कोणी तिला गुलाबाईही म्हणतात; तिचे मखर सजविताना मोठ्या मुलींचे पाहून धाकट्या शिकतात. हात गुंतलेले असले म्हणजे तोंड मोकळे होते. जी आजी एरवी "मला काय ठाऊक, बाळा!" म्हणून गप्प बसते, तीच वाती वळता वळता आपल्या माहेरच्या गोष्टी सांगू लागते, आणि त्या तिच्या बोलीत सांगते. आमच्या धुळ्याकडे ती अहिराणी असते, जळगावाच्या पूर्वेस लेवा गणबोली. ही बोली शाळेत शिकविली जात नाही. मोबाइलच्या पडद्यावर तर ती क्वचितच भेटते. आजीपाशी बसण्यास मुलाजवळ काही निमित्त नसेल तर ती बोली त्याच्या कानी पडावी तरी कशी?

या आमच्या मतावर काही आक्षेप येतील, त्यांचा विचार करणे उचित होय. पहिला आक्षेप वेळेचा. आईवडील दोघेही कामावर जातात. सायंकाळी थकून येतात. हे खरे आहे व त्यांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु आम्ही रोजचा तास मागत नाही. महिन्यातील दोन रविवार, आणि सणापूर्वीचे चार दिवस, एवढेच मागतो. शिवाय पालकांनी प्रत्येक वेळी शिकविलेच पाहिजे असे नाही. जवळ बसून मटार सोलले तरी चालेल.

दुसरा आक्षेप गुणांचा. हातकामाने परीक्षेत गुण वाढतात असे आश्वासन आम्ही देणार नाही. तसे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र मोजणे, चुकले ते उसविणे आणि पुन्हा करणे, ही सवय ज्या मुलास लागली त्यास ती जन्मभर पुरते. गणित चुकले की वही मिटून रडणाऱ्या मुलापेक्षा चांदणी कलली म्हणून गाठ सोडून पुन्हा बांधणारे मूल अधिक सुखी असते, एवढे आम्ही निश्चयाने म्हणू.

तिसरा आक्षेप सर्वांत विचारणीय आहे. घरोघर मुले बैल करू लागली तर कुंभाराने काय खावे? बुरुडाच्या कामट्या कोणी घ्याव्यात? आमचे उत्तर असे की, कुंभाराची जोडी अवश्य विकत घ्यावी. पाटावर तिच्या शेजारी मुलाचा बैल बसवावा. कुंभाराचे खरे वैरी घरातील मूल नव्हे. साच्यातून शेकड्यांनी निघणारे, पाण्यात न विरघळणारे प्लास्टरचे बैल हे त्याचे वैरी आहेत. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्र शासनास २०१८ साली बंदी घालावी लागली, याचेही कारण आपण घरी करणे सोडून झटपट मिळेल ते घेऊ लागलो हेच नव्हे काय? ज्या मुलाने चार दिवस मातीशी झुंज घेतली आहे ते कुंभाराच्या जोडीकडे निराळ्या दृष्टीने पाहते. चारही पाय सारखे कसे आले, शिंग तडकले कसे नाही, हे त्यास विचारावेसे वाटते. असे मूल मोठेपणी दहा रुपयांसाठी त्या म्हाताऱ्याशी घासाघीस करणार नाही. श्रमाची किंमत उपदेशाने पटत नाही. ती आपल्या बोटांस पटावी लागते.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. मुलाच्या हातच्या वस्तूस घरात जागा द्या म्हणजे वाटेल त्या वस्तूची वाहवा करा, असे नव्हे. खोट्या स्तुतीने मुले फसत नाहीत. बैल उभा राहत नसेल तर "पाय पुन्हा कर, उद्यापर्यंत वेळ आहे" असे सांगावे. टोपलीत लसूण राहिला पाहिजे, वात रात्रभर जळली पाहिजे, चांदणी वाऱ्यात टिकली पाहिजे. उपयोग हाच खरा परीक्षक. तो रागावत नाही, लाजवीत नाही आणि लाचही घेत नाही. ज्या घरात मुलाची वस्तू वापरली जाते तेथे हा परीक्षक आपोआप येऊन बसतो. जेथे ती केवळ कपाटावर मांडली जाते तेथे मूल स्तुतीपुरतेच काम करावयास शिकते.

आता उन्हाळ्याची सुटी जवळ आली आहे. आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. दुपारी अकरापासून पाचपर्यंत मुलांस घराबाहेर सोडण्याची सोय नाही. या लांबच लांब दुपारी मोबाइलच्या स्वाधीन कराव्यात की हातांच्या, हे पालकांनी ठरवावयाचे आहे. विद्यार्थ्यांनी वाड्यातील किंवा इमारतीतील पाचसहा मित्र जमवून एक हस्तलिखित काढावे, अशीही आमची सूचना आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असता साने गुरुजी छात्रालयातील मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढीत. दैनिक नको, सुटीत दोन अंक निघाले तरी पुष्कळ झाले. एकाने लिहावे, एकाने चित्रे काढावीत, एकाने सुईदोऱ्याने शिवावे, एकाने लगद्याचा पुठ्ठा करून बांधावे; आणि शेजारच्या दहा घरी तो अंक वाचावयास फिरवावा.

पालकांस आमची विनंती एवढीच की, अक्षय्यतृतीयेस, ज्या सणास आपण प्रेमाने आखाजी म्हणतो, घरी आलेल्या लेकीबाळींस व पाहुण्यांस मुलांच्या हातच्या टोपलीतून काही तरी द्यावे. ती टोपली एका बाजूस थोडी झुकलेली असेल. ती कोणी केली हे मुद्दाम सांगू नये. कोणी विचारले तर मुलास सांगू द्यावे.